मोठी पिन

शिरोलीत एकतीस वर्षं
मी इंडक्शनच्याच समोर उभा होतो.
तांब्याचं वेटोळं, वेटोळ्यातनं खेळणारं पाणी,
आणि मुशीत पाचशे किलो लोखंड
पातळ होऊन आपसूक ढवळायचं, कढीसारखं.
कढी मात्र मला येत नव्हती.

आता धैर्यशीलनं भोसरीहून हे पाठवलंय:
काळी काच, दोन वर्तुळं, पाटाएवढं.
काखोटीला मारून कुठंही न्यावं.
शालन खाटेवरनं म्हणाली,
"भट्टीवाल्याच्या मागनं भट्टी आली की वो घरात."

गंगावेशीत दूध कट्ट्यावर ती घसरली
त्याला आज अकरा दिवस.
उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये,
प्लास्टरवर नातीनं निळ्या पेनानं म्हैस काढलीय.
त्यातच सिलेंडर संपला.

स्वयंपाकघरात नेलं तर पिन बसेना.
मोठ्या पिनेचं भोक सबंध घरात एकच,
पुढच्या खोलीत, तिच्या उशाशी,
कूलर घेऊ घेऊ म्हणून काढून ठेवलेलं.
कूलर काही आला नाही.

मग कपाटातनं चुंबक काढलं,
रिटायर होताना खिशात राहिलेलं
(शालन म्हणते, ढापलेलं)
आणि फळीवरची भांडी बघत गेलो.
पितळी पातेली, नाही.
तिच्या माहेरचा तांब्याचा हंडा, नाही.
जर्मनचं ते मोठं टोप,
ज्यात तीन बारशांचा रस्सा झाला, तेही नाही.
स्टीलच्या सहांतलं एक.
आणि तळाच्या फळीवरची सपाट बुडाची कढई,
तिला चुंबक असं बसलं
की ओढून काढावं लागलं.
"ती तुमच्याच कारखान्यातली न्हवं?
दिवाळीला दिल्याली, रिजेक्ट मालातली?"
तीच. कडेला बोटभर खड्डा आहे.
तो खड्डा कुणाच्या पाळीत पडला
हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

कढईत तांबडा, स्टीलमध्ये पांढरा.
एकाचा आकडा वाढवला की
दुसऱ्याचा उतरतो; दोघांत मिळून वीज तेवढीच.
मी आकडे बघतो, वायरला हात लावून बघतो.
"त्येला काय बघताय? रश्श्याला बघा.
कट वर आला का? खोबऱ्याचा वास बदलला का?"

ज्वाळ नाही, तिला तेच खुपतं.
मी समजावलं, हे बाहेरनं जाळत नाही, शालन,
भांडं आतल्या आतच तापतं.
"माझ्यागत," म्हणाली.

दार उघडंच होतं. जिन्नाप्पा मगदूम,
लसणीच्या वाटेला न जाणारा माणूस,
सायकल थांबवून उंबऱ्याशी वास घेत उभा.
"काय फोरमन, कितवी हीट?"
"दुसरी," म्हणालो.
तो हसला, ती हसली,
तिची ख्यालीखुशाली विचारून तो गेला.

मग बराच वेळ ती गल्लीकडं बघत होती.
"मागच्या खोलीत असं कोण कवा हाक मारत न्हाई."
खिडकी आहे की मागं, मी म्हणालो.
"हाय की. अडतीस वर्षं
मगदुमाच्या न्हाणीची भिंत बघतोय मी."

मला भट्टीचं सगळं ठाऊक होतं.
कुठल्या रंगाला ओतायचं,
कुठल्या आवाजाला मागं सरायचं.
ती खिडकी मी या अकरा दिवसांत
पहिल्यांदा उघडली होती,
तीही वास जावा म्हणून.

बटण दाबलं. आकडे गेले,
आतला पंखा घुमतच राहिला.
काचेवर दोन लाल खुणा, अजून गरम आहे म्हणून.
तिनं डाव्या हाताची बोटं काचेच्या कडेला टेकवली,
काढली नाहीत.

"सिलेंडरचा नंबर कवा हाय?"
"शनिवारी."
"येईल निवांत. फोन नका करू."

पंखा थांबला. मी वाटी तिच्या ओठांशी धरली.
तांबड्याचा एक थेंब म्हशीच्या पाठीवर.
तिनं डोळे मिटून घोट घेतला,
जिभेवर घोळवला,
आणि पांढऱ्याकडं बोट केलं:
"आता त्याची द्या. आणि मिठाचा डबाबी आणा.
तुम्ही घातलं नसणार."