सुटे सात

सकाळी मी पिग्मी गोळा करते,
वडगाव ते खासबाग, पायी.
कुणाचे वीस, कुणाचे पन्नास,
मल्लव्वाचे रोज सुटे सात.
संध्याकाळी सहाला शाळेच्या पटांगणात
तीच मी, कमरेला काळा पट्टा,
समोर एकवीस पोरं, त्यात नऊ अनवाणी मुली.

शिकवायचे काते ठरलेले आहेत.
त्यांची नावं दूरच्या बेटांवरची,
अर्धी मी अजून चुकीची म्हणते
आणि पोरं माझी चूक तंतोतंत पाठ करतात.
आई विचारते, काथ्या कसला शिकवतेस?
शिवलीलाची आज्जी म्हणते, कथा आहे म्हणे, सांग की मलाही.

माझा स्वतःचा काता सुरू झाला
मल्लव्वाच्या दारात.
दार इतकं बुटकं की पहिल्या दिवशी कपाळाला टेंगूळ.
दुसऱ्या दिवशी वाकले.
चौथ्या की पाचव्या दिवशी वाकताना
डावा हात आपोआप कपाळावर गेला
आणि मी उंबऱ्यातच थांबले:
अरे, हा तर अप्पर ब्लॉक.

मग गल्लीभर तेच दिसायला लागलं.
गटारावरची उडी.
म्हशीच्या शेपटीला दिलेली बगल.
पावतीपुस्तक काखेत दाबून
मूठ पैशांवर मिटणं, कोपर बरगडीला घट्ट.
कोपऱ्यावरच्या कुत्र्यासमोर
काहीच न करता उभं राहणं, तीन श्वास.
(पोरांना हेच जमत नाही. भरमा तर हसतोच.)

अकरा हालचाली झाल्या, बारावी मिळेना.
मुचंडीकर सर सांगायचे,
जिथून निघालीस त्याच खडूच्या खुणेवर टाच आली पाहिजे.
माझी पिग्मी तर काउंटरवर संपते,
कॅशियरच्या जांभईसमोर.

एकदा पावती लिहिताना माग चालू होता,
धोटा धडाधडा इकडून तिकडे,
मल्लव्वा माझ्याशी बोलतेय, तोंड माझ्याकडे,
आणि धागा तुटला.
माग थांबला. तिची मान वळली नाही.
दोन बोटं गेली, टोक धरलं,
गाठ बसली, हात पुन्हा पदराशी.
झालं.
त्या रात्री गच्चीवर मी ती दोन बोटं
दीडशे वेळा करून बघितली.
टाच खुणेवर आली.

आता नाव.
सर फोनवर म्हणाले, परीक्षेला हुबळीची माणसं येतात,
जपानी ठेव काहीतरी, शेवटी 'दाई' लाव, भारी वाटतं.
दाई म्हटलं की मला आमच्या गल्लीतली सुईण आठवते.
शिवलीला म्हणाली, 'बागिलु' ठेवा टीचर.
भरमा म्हणाला, नको, 'दार'.
तौफिक मोजे काढत म्हणाला,
काय बी ठेवा की ओ, वाकायचंच हाय न्हवं?

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं
यांत आमच्याकडे फार अंतर नाही.
बेळगावला एक वेलांटी लावली की नाही
यावरून माणसं आवाज चढवतात,
पाटीवर कुठली अक्षरं वर, कुठली खाली
यावरून काचा फुटलेल्या मी पाहिल्यात,
दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात पिग्मी मागितलीय.
फॉर्मवरचा तो चौकोन चार दिवस कोरा राहिला.

शेवटी लिहिलं: सुटे सात.
परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं.
हे कुठल्या स्टाईलमधलं?
म्हटलं, गल्लीतलं.
त्यांनी काता पूर्ण बघितला,
कुत्र्यापाशी घड्याळही बघितलं,
आणि काही न बोलता सही केली,
शेरा नाही, शाबासकी नाही.

सकाळी मल्लव्वाला सांगितलं.
तुझ्या पैशांचं नाव दिलंय मी,
तुझी गाठ आहे त्यात, शेवटची.
ती ऐकत होती की नाही, कुणास ठाऊक.
कनवटीची पुरचुंडी सोडली,
नाणी माझ्या तळव्यावर एकेक मोजली
आणि बोटं मिटवून दिली.

आज आठ हायत बघ, म्हणाली.
बदल आता नाव.