सहाशे बारा

आज शाळेच्या आवारात सायकल आणायची नाही.
सायकलची घंटी आणि मताची घंटी
कानाला सारखीच लागते.
नियमच आहे तसा, हसू आलं तरी.
योरोला आलं. त्याने सायकल गोरखचिंचेला टेकवली,
चालत आत आला
आणि रांग सोडून भिंतीपाशी उभा राहिला.

मी न्यिमा. गांबिया नदीच्या या काठावर
मुलांना भूगोल शिकवते,
पाच वर्षांतून एकदा मोठ्यांना गोट्या वाटते.
बोराएवढी काचेची गोटी
एकेकाच्या तळहातावर ठेवते, सांगते :
पडद्यामागे तीन पिंपं आहेत,
केशरी, निळं, तपकिरी,
प्रत्येकावर एक हसरा चेहरा.
नळीतून सोडा. आत टण् होईल.
दोनदा झालं तर मला उठावं लागेल.

सांबुजांगबाबांना आता काहीच ऐकू येत नाही.
पडद्याआडून ओरडले, "वाजली का?"
"वाजली, बाबा."
"नक्की?"
अख्खी रांग म्हणाली, वाजली.
दुसऱ्यांच्या कानांवर विसंबून
ते काठी टेकत घरी गेले.

पण काल रात्री
प्रत्येक फोनवर एक आवाज आला होता,
हुबेहूब आमच्या इमामांचा :
गोट्यांत लोखंड आहे, पिंपांत चुंबक,
तुम्ही कुठेही टाका, ती जायची तिथेच जाते.
पहाटे इमाम स्वतः दारोदार फिरले.
तो मी नव्हे, म्हणाले.
लोकांनी नीट ऐकून घेतलं,
मग आपसात बोलले, हा आवाज काही त्यांचा वाटत नाही.
खऱ्याला सर्दी झाली होती.

मी वर्गात चुंबक आणला, गोटीला लावला.
काच ती, ढिम्म हलली नाही.
"हा चुंबक सरकारी आहे," मागून कुणीतरी म्हणालं.
याच्यावर भूगोलात उत्तर नाही.

योरो भिंतीपाशीच.
त्याचा भाऊ होडीने उत्तरेला गेला
त्याला तीन वर्षं झाली,
फोन अजून लागतो, उचलत कुणी नाही.
"बाई, त्याने टाकली होती गोटी.
मागच्या वेळी. तुमच्याच हातून घेतली होती."
मला आठवेना.
आठवल्यासारखं करावं असं वाटलं. केलं नाही.

संध्याकाळी कंदील. भोकांची लाकडी फळी,
एका भोकात एक गोटी,
मोजणारा कितीही अडाणी असो वा लबाड,
रिकामं भोक सगळ्यांना दिसतं.
वहीत नावं सहाशे बारा.
फळीवर गोट्या सहाशे अकरा.

आणि निकाल तर केव्हाच लागला होता,
फोनमध्ये, फटाक्यांसकट.
तिन्ही पक्षांची माणसं एकदम उभी राहिली,
तीन बोटं माझ्याकडे.
मी पुन्हा मोजलं. घसा कोरडा.
सहाशे अकरा.

घंटी घुमत राहू नये म्हणून
पिंपाच्या तळाशी वाळू असते.
तिन्ही पिंपांतली वाळू मी फरशीवर ओतली.
चाळायला काही नव्हतं.
योरो कुठे गेला कळलं नाही,
आला तो आईची पिठाची चाळणी घेऊन.
गुडघ्यांवर बसला,
मत न दिलेला मुलगा,
ओंजळ ओंजळ वाळू चाळत.

शेवटच्या ढिगात मिळाली, तपकिरीच्या.
त्या माणसाची एक्केचाळीस होती, बेचाळीस झाली.
तो तसाही पडला होता.

"एवढ्यासाठी?" योरोने विचारलं.
मी गोटी पदराने पुसून भोकात बसवली.
कुणाची होती, कोण जाणे.
सांबुजांगबाबांची असू शकेल.
नसेलही.
सह्या झाल्या. शेवटची सही करताना
निळ्याचा माणूस अजून फोनकडे बघत होता.

वही मिटली, लाख लावली.
मग बाहेर, अंधारात, गोरखचिंचेपाशी
टण्.
आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं.
सहाशे तेरा,
माझ्या ओठांवर आलं होतं.