सात राहिला

बातमी एवढीच, की गाणं तयार होतं
आणि आता नाही.

मंगळवारी येईल म्हणाले होते.
बावीस जणांनी विचारलं, त्यातले चार मामेभाऊ,
एक बनोसाचा केबलवाला,
आणि लेहगावची एक बाई, जिला मी ओळखत नाही.
तिनं फक्त "केव्हा?" एवढंच लिहिलं.
तिच्यासाठी तरी नीट सांगते.

रेकॉर्डिंग झालं बंद पडलेल्या छोट्या रेल्वेच्या तिकीटघरात.
खिडकीला दोन गोधड्या, दाराला ताडपत्री,
मोबाइल उपड्या पायलीवर.
दुसऱ्या कडव्यात घुंगरू वाजतं
ते वाद्य नाही, रुख्माबाईची शेळी आहे.
काढून पाहिलं. तिच्याबरोबर माझाही आवाज निघत होता.
राहू दिली.

गाणी सुचतात कुठून, असं विचारतात.
'सत्यप्रत' झेरॉक्सच्या दुकानात झालं,
जिथं मी नऊ ते सहा उभी असते.
हिरवा उजेड काचेखालून जातो, परत येतो,
चाल त्याची आहे, माझी नाही.
एक पोरगी आली होती, दाखल्याच्या पाच प्रती,
म्हणाली, "ताई, आडनाव थोडंसं फिक्कट येईन का?"
मी बटण खाली केलं.
घरी गेले, जेवायच्या आधी तीन कडवी.

'गोडं पाणी' हे प्रेमाचं गाणं नाही.
बरं, थोडं आहे.
पण आमचा खारपाणपट्टा:
साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही,
परतवाड्याच्या बँडवाल्याकडून घेतलेल्या गिटारच्या तारा
तीन महिन्यांत तांबारतात.
एकदा क्लचची तार लावून पाहिली.
वाजली. सूर म्हणता येणार नाही.
माझा आवाज ज्यांना खरखरीत वाटतो
त्यांनी आमच्या हापशीला तोंड लावून पाहावं.

आता हे नवीन.

बाबा मापारी होते, आठवडी बाजारात, धान्याच्या ओळीत.
इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हापासून घरी.
लाभऽ लाभ, दोनऽ दोन, तीनऽ तीन...
एक म्हणायचं नाही, एकाला लाभ म्हणायचं,
आणि आकडा असा ओढायचा
की पायली रिकामी होऊन परत ढिगात शिरेपर्यंत
तो तुरीच्या धुळीत तरंगत राहावा.
पोत्यावर बसून पाय हलवत मी ऐकायची.
त्याला ताल म्हणतात हे फार नंतर कळलं.

गाण्यात मी ते मोजणं घेतलं. लाभ ते वीस.
शनिवारी रात्री, लाईट गेलेली,
बाबांच्या कानाशी मोबाइल धरला.
पुंजाजी मापारी,
ज्यांनी माझं एकही गाणं आजवर बसून ऐकलं नाही.
बोटं मांडीवर.
शेळी वाजली तेव्हा जरा हसले.
संपलं. बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाले, "सात राह्यला."
"काय?"
"साहा झाल्यावर आठ म्हनलं तुनं. सात राह्यला."

मी म्हटलं, मात्रा बसत नव्हती,
सहानंतर श्वासाला जागा लागते.
"थे तं मलेई लागे," बाबा म्हणाले,
"म्या सात सोडला काय कधी? सातातच घेवो श्वास.
आन् आयक, माप चुकलं तं पोतं शिवत नाही माय.
ओततेत. पुन्हा मोजतेत."

तर पोतं ओतलं आहे.
रविवारी परत तिकीटघरात. बाबा येतो म्हणतात,
गायला नाही, लक्ष ठेवायला.
रुख्माबाईनं शेळी विकली,
तेव्हा घुंगरू यावेळी नसेल.
लेहगावच्या बाई, तुमच्या "केव्हा"ला
अजून माझ्याकडे तारीख नाही.
काल दिवसभर मशीनपाशी उभी राहून
सातऽ सात म्हणून पाहत होते,
श्वास आत, आकडा बाहेर.
गिऱ्हाईक घाबरलं.
म्हणे, ताई, पाचच पायजेत.