विहार तलावातला डबा

मरोळ, तळमजला, खोली क्रमांक चार.
ग्रॅनाइटच्या शिळेवर चार बोल्टांनी आवळलेला डबा
तेरा मिनिटं वीस सेकंदांनी म्हणाला :
मी विहार तलावात आहे.

खर्चेनं नकाशावर लाल टाचणी टोचली,
पाण्याच्या पार मधोमध.
‘मॅडम, तिथं मगरी आहेत.’

हसलो. मग मी बोल्ट तपासले.
डबा जागचा हलला नव्हता.

म्हणजे हलला होताच.
शेजारच्या प्लॉटवर चाळीस मजल्यांसाठी खांब ठोकताहेत,
दर दोन सेकंदांनी एक ठोका,
चहावर साय धरत नाही.
पण डबा जेवढा डावीकडे गेला तेवढाच उजवीकडे आला,
जेवढा वर, तेवढाच खाली.
बेरीज शून्य यायला हवी.

येत नाही.
आमचा पहिलाच नमुना. आत एक इवलंसं वजन,
क्वार्ट्झच्या पट्टीवर तोललेलं.
त्याला जाणं जेवढं जाणवतं
तेवढंच येणं जाणवत नाही.
गुरुत्वाचा हजारावा हिस्सा मागे उरतो,
आणि उरलेलं तो विसरत नाही.
साठवतो, त्याचा वेग करतो,
वेग साठवतो, त्याचं अंतर करतो,
आणि चालू लागतो
बसल्या जागी
ईशान्येला.

नागदेवी गल्लीत ताहेरभाई
रबराचा तुकडा अंगठ्यानं दाबून पाहतात.
‘नरम घेतलं तर डब्बा झुलणार, बाई, उत्तर विसरणार.
कडक घेतलं तर सगळा ठोका आत.
मधलं पायजे.’
मधलं नव्हतं. सोमवारी येईल.
वरच्या माळ्यावर छापखान्याचं मशीन,
त्यामुळे त्यांच्या तराजूचा काटा
दिवसभर थरथरत असतो.
ते डोळे बारीक करतात, मधला आकडा धरतात,
आणि तो दरवेळी
थोडासा गिऱ्हाइकाच्या बाजूला असतो.
चाळीस वर्षांत किती रबर असं गेलं असेल,
मी मनात गणित मांडलं आणि सोडून दिलं.

रात्री दोन ते चार खांबवाले झोपतात.
मी चपला दाराबाहेर काढते.
पंखा बंद, एसी बंद, फ्रीजची पिन उपसलेली.
घाम कोपरावरून टपकतो, तो टिपून घेते
शिळेवर पडायच्या आत.
आता डब्याला जाणवण्यासारखी एकच गोष्ट उरते :
पृथ्वी फिरते आहे.
इथे, एकोणीस अक्षांशावर,
त्याच्या पायाखाली तासाला पाच अंश,
शिळेसकट, मगरींसकट,
ताहेरभाईंच्या बंद शटरसकट.
कुणी न सांगता त्याला उत्तर सापडतं.
दिशा, म्हणजे.

सोळा वर्षं झाली या खोलीत.
हे बघताना अजून बोलवत नाही.

तीन दहाला कुर्ला रोडवरून दुधाचा टँकर गेला.
आलेखाच्या अंगावर काटा आला.
मी श्वास धरून बसले, जणू माझ्यामुळेच.

सकाळी अहवाल भरला.
प्रत्यक्ष विस्थापन : शून्य.
नोंदलेले विस्थापन : दोन पूर्णांक नऊ किलोमीटर.
शेरा : रबर आल्यावर पुन्हा.

खर्चे टाचणी काढायला गेला.
म्हटलं, राहू दे,
जाऊन आलाय तो.