बस, एमेट

शनिवारी सकाळी नऊला तो माझ्या टेबलावर पाय सोडून बसतो
आणि मी त्याचे घोटे बांधते.
टाचेखालून, वर, आडवी, पुन्हा टाचेखालून.
डाव्या घोट्याला हल्ली दीड रोल पट्टी लागते.
सप्टेंबरात एक पुरायचा.

सप्टेंबरात तो कुणीच नव्हता.
दुसरा क्वार्टरबॅक. उलटी टोपी, हातात क्लिपबोर्ड,
तीन वर्षं बाकाच्या त्याच टोकाला, हीटरपासून लांब.
मग प्रुइटचा गुडघा गेला
(आवाज मी ऐकला, वेफर्सचं पाकीट फाडावं तसा)
आणि कोच रँडलमन मान न वळवता म्हणाला,
लाक्सो.

आता गावातल्या पेट्रोलपंपावरही माहीत आहे तो कसा धावतो.
धावतो कसला, घुसतो.
आधी खांदा, मग हनुवटी, मग उरलेला एमेट.
बाकीचे माणूस दिसला की वाट शोधतात,
हा वाट सोडून माणूस शोधतो.
तीन यार्ड हवेत तिथे पाच घेतो
आणि वरच्या दोन यार्डांचं बिल
सोमवारी माझ्याकडे येतं.

नियम सोपा आहे.
पाय पुढे टाक, घसर, खाली बस.
बसलेल्या क्वार्टरबॅकला कुणी धडकायचं नाही,
धडकलं तर पंधरा यार्डांचा दंड.
ओल्या ताडपत्रीवर आम्ही त्याला घसरायला शिकवलं.
तिथे छान बसला. हसलासुद्धा.

मैदानात विसरतो. किंवा विसरत नाही.
एकदा पट्टी कापताना विचारलं, का रे बसत नाहीस?
म्हणाला, तीन वर्षं बसलोच होतो की.
मी कात्री शोधू लागले.
ती हातातच होती.

ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या डोक्याची चाचणी घेतली होती.
पाच शब्द ऐकायचे, पाच मिनिटांनी परत सांगायचे.
त्याने तीन सांगितले.
तेव्हा वाटलं, पोरगा जरा मंद दिसतो.
आता कळतंय, पुढच्या धडकांसाठी
त्याने दोन शब्द आधीच बाजूला काढून ठेवले होते.

त्याच्यामागे आता एकटा टीग मॅकॉर्ड.
अठरा वर्षांचा, हेल्मेटचा पट्टा चघळतो,
आणि एमेट पडला की देवाचं नाव घेतो,
कुणासाठी ते विचारू नये.

परवाच्या शनिवारी, शेवटची पंधरा मिनिटं,
नऊ गुणांनी पुढे होतो आम्ही.
तो उजवीकडे निघाला. सीमारेषा दोन हातांवर.
बाहेर पाऊल टाकलं असतं तरी चाललं असतं.
समोरून चव्वेचाळीस नंबर येत होता, मान खाली घालून.
बस, मी म्हटलं.
बाकावरचे सगळे म्हणाले. कोचसुद्धा, बहुतेक.
बस, एमेट, आता बस.

तो आत वळला.

मी बॅग उचलली तेव्हा अजून टक्कर व्हायची होती.

गोठलेल्या गवतावर दोन्ही पोरं पडली
आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं,
लाक्सो, लाक्सो.
तो उठला. ते सगळ्यांनी पाहिलं.

रात्री त्याच्या आईचा फोन.
मार्लिस लाक्सो, वर ह्यूटनला काउंटीचा बर्फनांगर चालवते.
बर्फाला वळसा घालत नसतात, पातं खाली ठेवायचं,
हे त्याला तिनेच शिकवलं, पाच वर्षांचा असताना, शेजारच्या सीटवर.
स्कोअर तिने विचारला नाही.
म्हणाली, उठताना हात कुठला टेकला?

डावा, मी म्हटलं.

चेंडू तो उजव्या हाताने फेकतो.

मग बराच वेळ ती बोलली नाही.
तिकडे बर्फ सुरू झाला असावा.
फोनमधून नुसतं पातं ऐकू येत होतं,
डांबर खरवडत जाणारं.