जमीन : भोपळा

फॉर्मवर चौथा रकाना जमिनीचा.
मी विचारलं, किती?
गोलेनूरने तिस्तेकडे हनुवटी केली.
पाणी गढूळ, रुंद,
कुणाचंच काही लागत नसल्यासारखं चाललं होतं.
तो भोवरा दिसतो ना,
त्याच्या जरा अलीकडे
आमच्या गाईचा खुंटा होता.

सात वेळा घर हललंय.
पत्रे सुटतात, बांबू सुटतात,
दाराची चौकट नावेत आडवी पडते,
कोंबड्या डालग्याखाली.
मग पुढच्या चरावर पुन्हा तेच दार, वेगळ्या दिशेला तोंड करून.
लग्नातल्या पत्र्याला आता इतकी भोकं
की भर दुपारी जमिनीवर चांदण्या.
हे ती तक्रार म्हणून सांगत नाही,
पत्र्याचं वय सांगते.

कार्तिकात पाणी उतरतं
आणि नदी खाली काय ठेवून गेली ते दिसतं :
वाळू.
धान धरत नाही, मसूर धरत नाही.
बरंच आहे, ती म्हणते.
गाळ बसला, हिरवं दिसलं
की पलीकडच्या काठावरून कागद येतात,
कागदांमागून काठ्या.
वाळूला वारस नसतात.

म्हणून खड्डे.
हातभर खणलं की कडा ढासळते, पुन्हा खण.
तळाशी शेण, कुजवलेली जलपर्णी,
पुरानेच आणून टाकलेला पाटीभर गाळ.
एका खड्ड्यात चार बिया.
दोन जगतात. एखाद्या वर्षी तीन.
पाणी कळशीने, दिवसातून दोनदा, नदीपर्यंत चारशे पावलं
(जानेवारीत चारशे. मार्चमध्ये नदी लांब जाते.)

उन्हं वर यायच्या आत
नराचं फूल खुडून मादीच्या फुलात टेकवायचं,
एवढ्या वाळूत मधमाशी कशाला येईल?
हे काम शेफालीचं, शाळेआधी.
हजेरीला ती पिवळं बोट वर करते.

मी त्यांना सांगितलं,
आमच्याकडे परीक्षेत शून्य मिळालं
की म्हणतात, भोपळा मिळाला.
माझ्या मोडक्या बांगलात हे पोचायला वेळ लागला.
शेफाली म्हणाली, आमच्यात गोल्ला.
गोलेनूर काही बोलली नाही.
उठली, खाटेखालचं गोणपाट ओढलं.

भोपळे.
खाटेखाली, माचावर, शिवणयंत्राच्या पायांमध्ये,
राखाडी, नारिंगी, सुरकुत्यांचे,
प्रत्येकाच्या पाठीवर चुन्याने उतरवल्याची तारीख.
चैत्रात आले, आता श्रावण सरत आला.
बाहेर सगळ्या वाफ्यांवर पाणी उभं,
बाजारात मिरचीसुद्धा दिसत नाही,
आणि ही दर मंगळवारी
सहा भोपळे नावेत घालते, आठवड्याचा तांदूळ आणते.
गेल्या साली एकोणीस सडले.
त्या वासात झोपायचं कसं, ते तिने सांगितलं नाही,
खिडकी नाही एवढंच म्हणाली.

एकावर तारीख नव्हती, नाव होतं : मोन्ताज.
ढाक्यात विटा वाहतो. ईदला आला तर चिरायचा.
त्याच्या बुडाशी बोटाने टिचकी मारून
तिने कान लावला.
अजून घट्ट आहे, म्हणाली.

मला आठवलं, आजोळच्या विहिरीत
पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला
सुका भोपळा बांधायचे.
तो बुडू द्यायचा नाही, पण हातपाय आपणच मारायचे.
हे मात्र मला बांगलात सांगता आलं नाही.

शेवटी चौथ्या रकान्यात मी शून्य काढलं.
दुसरं काय लिहिणार?
शेफालीने माझ्या हातातलं पेन घेतलं,
शून्यावर वाकडा देठ काढला,
मग एक पान,
पान रकान्याबाहेर गेलं.

तीन आठवड्यांनी जिल्हा कार्यालयातून फॉर्म परत.
लाल शाईत शेरा :
चौथ्या रकान्यात खाडाखोड.
कृपया पुन्हा भरावा.