पान अठ्ठ्याऐंशी

पुस्तकाला कव्हर नाही.
लेखकाचं नाव होतं ते पान एकोणीसच्या पुरात
कृष्णेबरोबर खाली वाडीकडं गेलं असणार.
वाचनालयानं रद्दीत काढलेल्या ढिगातून
सुकुमारनं ते घरी आणलं, बांधायला म्हणून.
बांधायचं राहिलं. मी वाचत बसले.

सत्त्याऐंशी पानांत कुणी मरत नाही, कुणी पळून जात नाही.
द्वारकी नावाची बाई आहे, समुद्राकाठचं घर आहे,
आणि आगबोट बंदराला लागायच्या आत
तिला पातोळ्या करायच्या आहेत.
तांदूळ धुऊन वाळवून दळलेले,
गूळखोबरं परातीत निवतंय,
हळदीची पानं पुसून एकावर एक.
शेवटची ओळ:
'मग तिनं पिठात चिमूटभर'

पुढं गाळ.
सत्त्याऐंशीनंतर एकदम नव्वद,
मधली दोन पानं तोंडाला तोंड लावून चिकटलेली.

मी समुद्र पाहिलाय एकदाच, सहलीत, बसच्या खिडकीतून.
पण हळद? हळदीवर तर आमचं गाव उभं आहे.
यार्डात दिवसभर बोली चालते,
हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या,
आणि एका घरात हळदीचं पान शिजत नाही.
हरिपूरला भूपालआण्णांच्या रानात गेले तर म्हणाले,
"पाला? काय करणार वहिनी त्याचं?
म्हशीबी तोंड लावत न्हाईत."
पुस्तकात लिहिलंय, म्हटलं.
"मग चालतंय," म्हणाले, आणि कवळाभर कापून दिला.
पैसे घेतले नाहीत. लांबपर्यंत बघत राहिले मात्र.

चिमूटभर काय?
पहिल्या दिवशी मीठ. बऱ्या झाल्या, पण बऱ्याच.
दुसऱ्या दिवशी वेलदोडा, मग जायफळ,
तिसऱ्या दिवशी इरेला पडून हिंग.
सुकुमारनं अख्खी खाल्ली आणि काहीच बोलला नाही,
तेव्हा कळलं.

समासात कुणाचं तरी पेन्सिलीचं अक्षर आहे.
वाचनालयाचा जांभळा शिक्का पाण्यात फुटून पसरला,
पेन्सिल जशीच्या तशी:
'केल्या. केळीच्या पानात. वास नाही. ७-८-८१'
कोण होतं? नोंदवही तर पुरातच गेली.
बाई की बापई तेही अक्षरावरून कळेना.
पण या माणसानं पुढचं पान वाचलं होतं.
मला त्याचा जरा रागच आला.

चौथा घाणा चुलीवर होता, मोदकपात्राचं झाकण तिरकं.
सुकुमार आतून म्हणाला, "वाफ दे त्याला. ओढू नकोस."
मग स्वतःच उठून आला,
सर्दी झालेल्या पोराचं डोकं धरावं
तसं पुस्तक दोन्ही हातांनी वाफेवर धरलं,
हाडाची पट्टी कडेनं हळूहळू सारत नेली.
हिरवा, ओला, जरासा औषधासारखा वास,
आणि पान सुटलं.

'मीठ घातलं, आणि तेवढ्यात कडी वाजली.'

मीठच.
दारात नारूचा मुलगा धापा टाकत.
आगबोट न थांबताच पुढं गेली होती.

त्या रात्री मी पुस्तक संपवलं. दोनशे एकतीस पानं.
द्वारकी पुढं मुंबईला जाते, परत येते,
घर विकलं जातं, एक लग्न, एक खटला,
पण पातोळ्या चुलीवरच.
कुणी उतरवत नाही, कुणी खात नाही.
लिहिणारा विसरला असेल.
किंवा नसेल विसरला.

सकाळी पुन्हा केल्या, मीठ घालून, आठ निघाल्या.
दोन-दोन आम्ही, दोन खालच्या झेरॉक्सवाल्या पोराला,
दोन डब्यात घालून हरिपूरला, भूपालआण्णांना.
त्यांचा फोन आला दुपारी:
"पाला खायचा असतोय का काढून टाकायचा?"

मग पेन्सिलीला टोक काढलं
आणि त्या अक्षराखाली लिहिलं:
'केल्या. हळदीच्या पानात. खाल्ल्या.'

पुस्तक अजून बांधलेलं नाही.
सुकुमार म्हणतो, राहू दे दोन दिवस उघडं,
वास जाऊ दे आधी.
मी रात्री मिटून ठेवते.